लांबीवरून काढलेलं वजन काट्यावर जुळत नाही? आधी तफावत कुठल्या मापाच्या माशात आहे ते बघा

महिन्याचं सॅम्पलिंग, म्हणजे तळ्यातले थोडे मासे पकडून वाढ मोजणं. सकाळी सातला ओढजाळं फिरवलं, तीसेक रोहू हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या खोक्यात) घेतले, एकेकाची लांबी वहीत उतरवली आणि घरी येऊन तक्त्यावरून वजनं काढली. पाचसहा मासे खात्रीसाठी काट्यावरही टाकले होते, आणि ते आकडे भलतेच. तक्ता म्हणतो ३०० ग्रॅम, काटा म्हणतो २४०.

हा फोन मला दर महिन्याला येतो, माणसं बदलतात. फोन करणाऱ्याचं मत बहुधा आधीच ठरलेलं असतं. कुणाच्या मते तक्ता बोगस, कुणाच्या मते काटा गेला, कुणाला माशाला रोग लागल्याची धास्ती. बहुतेक वेळा तिन्ही ठणठणीत असतात आणि गडबड मोजपट्टीच्या टोकाला सापडते.

साठ ग्रॅमनं काय बिघडतं, असं वाटेल. तळ्यात ५,००० मासे असतील तर ही चूक ३०० किलोंची होते. खाद्य वजनाच्या ३ टक्के देत असाल तर रोज ९ किलो, म्हणजे महिन्याला २७० किलो शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा नसलेल्या माशांच्या नावानं पाण्यात जातो. तो तळाशी कुजतो, पाण्यातला ऑक्सिजन ओढतो आणि पहाटे मासे पृष्ठभागाला तोंडं काढून उभे राहतात. मग पुन्हा फोन येतो, या वेळी पहाटे पाचला.

सूत्रात काय आहे

माशाचं वजन = अ × (लांबी)^ब. लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. ब म्हणजे घातांक, आणि तो साधारण ३ च्या आसपास असतो. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर बेसन दुप्पट लागत नाही, आठपट लागतं. माशाचंही तसंच. लांबी वाढली की रुंदी आणि जाडीही वाढते, म्हणून २० सेंमीचा मासा ८० ग्रॅम भरत असेल तर त्याच ठेवणीचा ४० सेंमीचा ६४० ग्रॅम भरतो.

ब नेमका ३ असेल तर मासा वाढताना अंगाची ठेवण तीच राखतो. ३ हून जास्त असेल तर वाढता वाढता अंगानं भरतो, कमी असेल तर लांबट होत जातो. बहुतेक जातींत हा आकडा २.५ ते ३.५ च्या आत सापडतो. तुमचा त्याबाहेर गेला तर नवीन शोध लागला असं समजू नका, वही तपासा.

अ मध्ये मुख्यतः अंगयष्टी असते. कटला डोक्यानं मोठा आणि अंगानं रुंद, मृगळ सडपातळ. दोघेही ४० सेंमीचे असले तरी कटला जड भरतो, म्हणून त्याचा अ मोठा. रोहूचा तक्ता कटल्याला लावणं म्हणजे पैलवानाचा सदरा शाळकरी पोराच्या मापानं शिवणं. तरीही लोक लावतात, कारण मोबाइलमध्ये एकच तक्ता साठवलेला असतो.

या सूत्रातली खोच अशी की लांबीतली चूक वजनात तिप्पट होऊन येते. लांबी १ टक्का चुकली की वजन जवळपास ३ टक्के चुकतं. २५ सेंमीचा मासा २६ मोजला तर फरक दिसतो ४ टक्क्यांचा, पण हिशेबातलं वजन साडेबारा टक्क्यांनी फुगतं.

पहिली चाचणी: तफावत टक्क्यांत काढा

ग्रॅममधल्या तफावतीवरून काही कळत नाही. लहानात लहान ते मोठ्यात मोठे असे दहाबारा मासे घ्या, प्रत्येकाची लांबी मोजा, प्रत्येकाला एकेकटं तोला. हिशेबाच्या वजनातून काट्याचं वजन वजा करा, काट्याच्या वजनानं भागा आणि शंभरनं गुणा. मग हे टक्के माशांच्या लांबीच्या क्रमानं एकाखाली एक लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण निम्मं निदान त्यात होतं.

सगळ्या मापांच्या माशांत तफावत टक्क्यांत सारखीच असेल, म्हणजे लहानालाही वीस आणि मोठ्यालाही वीस, तर चूक मापाच्या पद्धतीत, एककात किंवा अ मध्ये आहे. लहान माशात तफावत मोठी आणि मासा वाढेल तशी ती विरत जात असेल तर कुठेतरी ठरावीक मिलिमीटर किंवा ठरावीक ग्रॅम जास्त-कमी धरले जाताहेत. लहान आणि मध्यम सगळे जुळतात आणि फक्त मोठे मासेच सुटतात, तेव्हा बहुधा तक्ता त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातोय, नाहीतर माशाच्या पोटात काही आहे. आणि कसलाच क्रम नसेल, एक मासा अधिक पंधरा, पुढचा उणे अठरा, तर तो मोजण्या-लिहिण्यातला गोंधळ.

सारखी तफावत: मासा नेमका कुठून कुठपर्यंत मोजला?

माशाची लांबी तीन प्रकारे मोजतात. पूर्ण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत, शेपटीची दोन्ही पातं चिमटीत एकत्र धरून. बेचकी लांबी म्हणजे शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. प्रमाण लांबी म्हणजे शेपटीचा पर सोडून, जिथे अंग संपतं तिथपर्यंत. माशांचं वर्गीकरण करणारी मंडळी प्रमाण लांबी घेतात, कारण बरणीतल्या जुन्या माशाच्या शेपटीचा भरवसा नसतो. तळ्यावर आपण पूर्ण लांबी घेतो. तक्ता एका पद्धतीचा आणि मोजणी दुसऱ्या पद्धतीची झाली की गणित कोसळतं.

किती कोसळतं बघा. एक मासा पूर्ण लांबीनं ४० सेंमी आहे आणि शेपटी सोडून ३२. अ ०.०१ आणि ब ३ धरला तर ४० ला ६४० ग्रॅम येतात, ३२ ला ३२८. म्हणजे वजन निम्मं. हिशेब काट्याच्या सरसकट निम्मा किंवा दुप्पट येत असेल तर दुसरं काही शोधूच नका, लांबीचा प्रकार बघा. फिशबेससारख्या माशांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरून अ आणि ब उचलताना शेजारच्या रकान्यात लांबीचा प्रकार दिलेला असतो, तो न वाचता आकडे घेऊ नका. कटला शोधताना शास्त्रीय नाव दोन्ही प्रकारे घालून बघा, जुनं कटला कटला आणि आताचं लेबिओ कटला. नाहीतर जुने शोधनिबंध हाती लागत नाहीत.

टेप हा दुसरा गुन्हेगार. सुरुवातीला सांगितलेल्या ३०० विरुद्ध २४० च्या प्रकरणात हेच निघालं. त्या भाऊंनी शिंप्याची कापडी टेप माशाच्या पाठीवरून, अंगाच्या फुगवट्याला चिकटवून धरली होती. कपड्याचं माप घेतात तसं. मासा सरळ रेषेत २९ सेंमीचा, टेपवर भरला ३१. त्यांच्या तक्त्याचा अ ०.०१ होता. २९ ला २४४ ग्रॅम, ३१ ला २९८. काटा बरोबर, तक्ता बरोबर, मासा निरोगी. चूक फक्त मापात, दोन सेंमीचा फुगवटा.

माशाची लांबी म्हणजे दोन टोकांमधलं सरळ अंतर. त्यासाठी फळी लागते. दीड-दोन फुटांची प्लायवूडची पट्टी, एका टोकाला काटकोनात ठोकलेला आडवा तुकडा, आणि तळाला चिकटवलेली स्टीलची मोजपट्टी. मासा उजव्या कुशीवर आडवा ठेवायचा, तोंड मिटलेलं आणि आडव्या तुकड्याला टेकलेलं, शेपटीची पातं चिमटीत. फळी आणि हात ओले, काम सावलीत. दर वेळी तीच कूस ठेवली तर हात बसतो, एवढाच त्या उजव्या कुशीचा अर्थ.

शेपटी कुरतडलेल्या माशाची पूर्ण लांबी घेऊ नका, त्याला सरळ वगळा.

एककांची चूक दिसायला बावळट वाटते, पण शिकलेल्यांकडूनही होते. एखाद्या निबंधात लांबी मिलिमीटरमध्ये असते आणि अ ०.००००१ दिलेला असतो. तोच अ सेंटिमीटरला लावला की पाव किलोच्या माशाचं वजन पाव ग्रॅम येतं. ब ३ असेल तर मिलिमीटरचा ०.००००१ म्हणजे सेंटिमीटरचा ०.०१. इंच असतील तर २.५४ चा घन, म्हणजे १६.४ पट: सेंटिमीटरचा ०.०१ इंचाला ०.१६४ होतो. अशी चूक निदान लपत नाही. शंभरपट-हजारपट फरक बघून माणूस हसतो आणि दुरुस्त करतो. वीस टक्क्यांची चूक मात्र वर्षभर हिशेबात बसून राहते.

लहान माशात मोठी तफावत: शून्य कुठे आहे?

ही माझीच चूक, म्हणून सविस्तर सांगतो. पहिली फळी केली तेव्हा शाळेतली लाकडी फूटपट्टी तिच्यावर चिकटवली. फूटपट्टीला शून्याच्या रेघेआधी थोडं कोरं लाकूड असतं, माझ्या पट्टीला ते अर्धा सेंमी होतं. पट्टीची कड मी आडव्या तुकड्याला नीट भिडवून बसवली, म्हणजे शून्य अर्धा सेंमी पुढे गेलं. माशाचं तोंड कोऱ्या लाकडापाशी, आणि मी शेपटीपाशी वाचलेला प्रत्येक आकडा अर्ध्या सेंमीनं कमी. अख्खा हंगाम.

बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांत, हे आधी बोचलं. १२ सेंमीचा मासा ११.५ वाचला गेला की हिशेबातलं वजन १२ टक्क्यांनी घटतं. ४० सेंमीचा ३९.५ वाचला तर फक्त पावणेचार टक्के. मोठ्या माशांचा हिशेब जवळपास जुळायचा, त्यामुळे संशय फळीवर गेलाच नाही, बीजावर, म्हणजे विकत आणलेल्या पिल्लांवर, गेला. बीज देणाऱ्याला दोन शब्द ऐकवलेसुद्धा, त्याची नंतर माफी मागितली.

यात आणखी एक गंमत दडलेली आहे. त्या वहीवरून मी स्वतःचा ब काढला तर तो ३ ऐवजी २.९३ आला असता. अर्धा सेंमी सगळ्यांचाच कमी, पण लहानाला तो जास्त लागतो, म्हणून लहान मासे लांबीच्या मानानं जड दिसतात आणि रेघ आडवी होते. कागदावर वाचताना वाटलं असतं की आमचे मासे वाढताना लांबट होतात. मासे बिचारे ठीक होते, फूटपट्टी आखूड लावली होती.

तेव्हा स्टीलची पट्टी घ्या, आणि तीही शून्य कडेवरच असलेली. बसवल्यावर १० सेंमीचा एखादा लाकडी तुकडा कापून तो फळीवर मोजून बघा. दर सॅम्पलिंगला आधी हा लाकडी मासा मोजायचा, मग खरा.

काट्याच्या बाजूलाही अशीच ठरावीक चूक असते. ओली पिशवी, जाळीचा तुकडा, टोपल्यात साचलेलं पाणी. १५ ग्रॅम पाणी ५० ग्रॅमच्या बोटुकलीला ३० टक्के होतं आणि ८०० ग्रॅमच्या माशाला दोन टक्केही नाही. कोरडी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणला आणि मासे ओल्या पिशवीत तोलले, हा प्रकार तळ्याकाठी दर दुसऱ्या माणसाकडून होतो. पिशवी आधी भिजवा, झटका, मग शून्य करा, आणि दर दहा माशांनी रिकामी पिशवी पुन्हा तोला. बोटुकलीसाठी सोपा मार्ग म्हणजे बादलीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, आणि मासे निथळून आत सोडायचे. मासा पाण्यात शांत राहतो, आकडाही नाचत नाही.

क्रम नसलेली तफावत: वही आणि वारा

वहीतले सहा रोहू दाखवतो. पहिला आकडा पूर्ण लांबी, दुसरा वजन, तिसरा वजन भागिले लांबीचा घन.

२२.० सेंमी, ११७ ग्रॅम, ०.०११०
२४.५ सेंमी, १५८ ग्रॅम, ०.०१०७
२७.० सेंमी, २१४ ग्रॅम, ०.०१०९
२९.५ सेंमी, २२९ ग्रॅम, ०.००८९
३१.० सेंमी, ३२२ ग्रॅम, ०.०१०८
३३.५ सेंमी, ४११ ग्रॅम, ०.०१०९

तिसऱ्या रकान्यात चौथा मासा लगेच वेगळा पडतो. नुसत्या वजनाच्या रकान्यात तो पडत नाही, कारण २१४, २२९, ३२२ हा चढता क्रम डोळ्याला गोड दिसतो. हा मासा रोगट होता का? नाही. काट्यावरचा माणूस म्हणाला "दोनशे एकोणऐंशी", बांधावर वारा होता, आणि लिहिणाऱ्यानं ऐकलं "दोनशे एकोणतीस". २७९ धरले की तिसरा आकडा ०.०१०९ येतो आणि मासा रांगेत बसतो. आपल्या मराठीत एकोणसाठ-एकोणसत्तर, सदुसष्ट-सत्याहत्तर असले सापळे भरपूर आहेत. तळ्यावर आकडे सुटे सांगायचे: दोन, सात, नऊ. लिहिणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचे.

तिसरा रकाना तिथेच, मासा परत सोडायच्या आत भरा. मोबाइलवर लांबीचा घन करायला पाच सेकंद लागतात. संशय आला तर मासा अजून हाप्यात असतो, पुन्हा तोलता येतो. घरी येऊन संशय आला तर फक्त आठवायचं उरतं.

एक्सेलमधल्या खोड्या

स्वतःचा अ आणि ब काढायचा तर लांबी आणि वजन दोन्हींचे लॉग घेऊन सरळ रेघ बसवतात. रेघेचा उतार म्हणजे ब. रेघ जिथे उभ्या अक्षाला छेदते त्या आकड्याचा प्रतिलॉग म्हणजे अ. लॉग दोन प्रकारचे असतात, १० च्या पायाचा आणि नैसर्गिक. १० च्या पायानं छेद उणे २ आला तर अ ०.०१ होतो. तोच उणे २ चुकून नैसर्गिक समजून उलटा केला तर अ येतो ०.१३५, म्हणजे सगळे मासे साडेतेरापट जड. उतार दोन्हींत तोच राहतो, म्हणून ब बघून सगळं ठीक वाटतं.

रेघ आकड्यांना किती जुळते ते सांगणारा आर-वर्ग ०.९८ आला म्हणून खूश होऊ नका. बोटुकलीपासून दोन किलोपर्यंतचे मासे एका आलेखावर टाकले की तो आकडा चांगलाच येतो, शून्य अर्धा सेंमी सरकलेलं असलं तरी.

उलट अडचण जास्त वेळा येते. एकाच दिवशी सोडलेलं, एकाच वयाचं बीज. सगळे मासे २८ ते ३२ सेंमीत. एवढ्याशा टप्प्यावर रेघ बसवली की ब कधी २.३ येतो, कधी ३.७, आणि एक मासा काढला की पुन्हा बदलतो. मग विचारणा येते की ब असा का. तो असा नाही, तुमच्याकडे तो मोजण्याइतका लहान-मोठा फरकच नाही. अशा वेळी ब काढायचा नादच सोडा. ब ३ धरा आणि वर केला तसा फक्त तिसरा रकाना काढा, त्यातला मधला आकडा हा तुमच्या तळ्याचा अ. पुढच्या महिन्याच्या अंदाजाला एवढं पुरतं. ब स्वतःचाच हवा असेल तर बोटुकलीपासून विक्रीच्या मापापर्यंत, वर्षभरात गोळा केलेले, प्रत्येक टप्प्यात काही असे मासे लागतात, आणि प्रत्येक जातीसाठी वेगळे.

एकेका माशाचं वजन जुळतं, तळ्याचं एकूण जुळत नाही

ही तक्रार वेगळी आहे, आणि हिच्यात मापाची काहीच चूक नसते. लोक आधी लांबीची सरासरी काढतात आणि मग त्या सरासरीचं वजन काढतात. दहा मासे घ्या, पाच २० सेंमीचे आणि पाच ३० चे. अ ०.०१, ब ३. पाच जण ८० ग्रॅमचे, पाच जण २७० चे, सरासरी वजन १७५. आता सरासरी लांबी २५ घेऊन वजन काढा: १५६. माशामागे १९ ग्रॅम गायब, आणि ५,००० माशांवर जवळपास ९४ किलो.

मोठे मासे घनाच्या हिशेबानं जड असतात, सरासरी लांबीत त्यांचा तो जडपणा हरवतो. आधी प्रत्येक माशाचं वजन काढा, सरासरी त्यानंतर. मासे जितके लहानमोठे, तितका हा खड्डा खोल. चिलापीच्या तळ्यात तर हमखास, कारण ती काही महिन्यांतच अंडी द्यायला लागते आणि एकाच जाळ्यात आजी ते पणतू सगळे येतात.

खाद्य टाकायच्या जागी पाग फेकून सॅम्पल घेतलं तर मात्र उलट चूक होते. तिथे धीट आणि मोठे मासेच पुढे असतात. तळाशी राहणारा मृगळ जाळ्याखालून निसटतो, त्यामुळे तो नेहमी कमी मोजला जातो. त्याला सूत्र काही करू शकत नाही.

सगळं तपासलं, तरी मासा हलकाच

मग मासा खरोखर हलका आहे, आणि इथे हे सूत्र अंदाजापेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं. स्कॉटलंडमधले टी. वेमिस फुल्टन यांच्या नावानं ओळखला जाणारा स्थिती गुणांक म्हणजे आपला तिसरा रकाना शंभरनं गुणलेला. ०.०१०९ म्हणजे १.०९. त्याची अडचण अशी की तो ब सरसकट ३ धरतो. १९५१ मध्ये इंग्लंडच्या विंडरमिअर तळ्यातल्या पर्च माशांवर काम करताना ई. डी. ले क्रेन यांनी वाट बदलली: त्या जातीचा, त्या तळ्याचा स्वतःचा अ आणि ब काढायचा आणि प्रत्येक माशाचं खरं वजन हिशेबाच्या वजनानं भागायचं. १ आला तर मासा आपल्या लांबीला साजेसा, ०.८५ आला तर पंधरा टक्के वाळलेला. (विंडरमिअरचे हे पर्च दुसऱ्या महायुद्धात डबाबंद करून विकले गेले होते. एवढा मासा पकडला गेला, तेव्हा मोजायलाही मिळाला.)

या आकड्यावरून कटला आणि मृगळ यांची तुलना करू नका. कटल्याचा फुल्टन गुणांक मोठाच येणार, म्हणून तो जास्त धष्टपुष्ट ठरत नाही. रोहूची तुलना रोहूशी, आणि शक्यतो त्याच तळ्यातल्या मागच्या महिन्याच्या रोहूशी.

हलका मासा डोळ्यालाही ओळखू येतो. डोकं अंगाच्या मानानं मोठं, पोटाची रेघ आत गेलेली, पाठ धारदार. कारण बहुधा गर्दी किंवा नैसर्गिक खाद्याची टंचाई. हिरवट पाणी निवळून पारदर्शक झालं की रोहू-कटल्यासारख्या कार्पचा हा गुणांक महिन्याभरात खाली येतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की मासा कमी खातो, तेव्हाची थोडी घसरण मनावर घेऊ नका. खुज्या चिलापीचं मात्र वेगळं: ती पुष्कळदा लांबीला साजेशीच भरते, फक्त लांबीच वाढत नाही. तिथे गुणांक चांगला दिसतो आणि धंदा बुडालेला असतो, म्हणून वय आणि लांबीही शेजारी लिहा.

आणि जड मासा नेहमी चांगला असतो असंही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वयात आलेल्या रोहू-कटल्याच्या माद्या अंड्यांनी भरतात, तेव्हा फक्त मोठे मासे हिशेबापेक्षा जड दिसतात. गवत्या मासा सकाळच्या चाऱ्यानंतर तोलला तर त्यात चाराही तोलला जातो, म्हणून सॅम्पलिंगच्या आदल्या दिवशी खाद्य-चारा बंद ठेवायचा. बाजारातल्या बर्फातल्या माशांवरून तक्ता बनवायला जाऊ नका, त्यात पाणी किती गेलं-आलं सांगता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले मासे तर लांबीला आखडतात आणि वजनाला बदलतात, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा घोळ हमखास सापडतो.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर सध्या एवढं लिहिलेलं आहे: रोहू. पूर्ण लांबी, शेपटी चिमटीत. सेंमी, ग्रॅम. एक दिवस उपाशी. अ ०.०१०९, ब ३ धरलेला. लांबी २२ ते ३४ च्या आतच चालेल. खाली लाकडी माशाचं माप, १०.० सेंमी, आणि तो शेवटचा मोजला ती तारीख. गेल्या खेपेला एक रोहू ३६ चा लागला. त्याला काट्यावर तोलला, आणि पुढच्या खेपेला मोठ्यांसाठी नवं पान उघडायचं असं कोपऱ्यात लिहून ठेवलं.